रक्त थांबलं, आजार आतच राहिला: मशेरी, काढा आणि एका दाढेचं प्रकरण

मे महिन्यात दिंडोरीपासून पिंपळगाव बसवंतपर्यंतची द्राक्षांची पॅकहाउस शांत होतात आणि हंगामभर अंगावर काढलेली दुखणी नाशिकच्या दवाखान्यांत येऊन बसतात. दातांची दुखणी त्यांत बरीच. इथे मांडलेल्या ताई म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. अशा रुग्णांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका प्रकरणात गुंफलं आहे आणि आकडेही त्याच अंगाने नमुन्यादाखल घेतले आहेत.

वय 47. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची प्रतवारी, एरवी घरची शेती. मधुमेह सहा वर्षांचा. गोळ्या चालू, पण घेतल्या तर घेतल्या. एचबीए1सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, 8.1 टक्के. मशेरी वीस-बावीस वर्षं, दिवसातून तीनदा: तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजून घरीच चुरलेलं.

मार्चमध्ये भाकरीच्या तुकड्याला रक्त दिसायला लागलं. शेजारणीने काढा सांगितला: बाभळीची साल, कडुनिंबाचा पाला, मूठभर हिरडा, वर तुरटीचा खडा. तो लोखंडी कढईत उकळायचा आणि बाटलीत भरून चार-चार दिवस वापरायचा. शिवाय रात्री दाढेला लवंगेच्या तेलाचा बोळा. तीन आठवड्यांत रक्त जवळपास थांबलं. दात मात्र काळवंडले, दाढेशेजारी गालाच्या आतलं कातडं पांढरं होऊन सोललं आणि मेमध्ये उजव्या बाजूच्या खालच्या पहिल्या दाढेपाशी फुगा आला. "रगत तर थांबलं होतं, मग हे कुठून आलं?" ताईंचा हा प्रश्न रास्त होता.

तपासणीत काय निघालं

तोंडात 26 दात होते. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बोथट सळईने, म्हणजे प्रोबने, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. एकूण 156 जागा. निरोगी हिरडीत ही खोली 1 ते 3 मिमी असते. ताईंच्या तोंडात 31 जागी ती 5 मिमी किंवा जास्त होती, फुगा आलेल्या दाढेला 7 मिमी. ब्रश करताना रक्त दिसत नव्हतं, पण प्रोबने 97 जागी आलं. म्हणजे 62 टक्के.

एक्स-रेमध्ये काही दातांचं हाड मुळाच्या मधल्या तिसऱ्या भागापर्यंत झिजलेलं. खालचे पुढचे चार दात हलत होते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हा पेरिओडाँटायटिसचा, म्हणजे दाताभोवतीचं हाड झिजवणाऱ्या हिरडीच्या आजाराचा, तिसरा टप्पा ठरतो, आणि एचबीए1सी 7 च्या वर असल्याने वेगाने वाढण्याचा 'सी' दर्जा. लोकांच्या भाषेत पायोरिया. पण लोक नुसत्या सुजलेल्या हिरडीलाही पायोरियाच म्हणतात आणि घोटाळा तिथून सुरू होतो. नुसती सूज पूर्ण उतरते. 1965 सालचा प्रसिद्ध प्रयोग आहे: निरोगी तरुणांनी दात घासणं सोडलं, तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. झिजलेलं हाड मात्र कुठल्याही चुळीने परत येत नाही.

खालच्या ओठाच्या आत, मशेरीचं बोट फिरतं तिथे, सुरकुतलेला पांढरा चट्टा होता. तो नोंदवून फोटो काढून ठेवला. मशेरी सुटल्यावर सहा आठवड्यांत तो विरला नाही तर तुकडा काढून तपासायचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलं.

रक्त का थांबलं होतं

बाभळीची साल, हिरडा, डाळिंबाचं साल या सगळ्यांत टॅनिन भरपूर. टॅनिन प्रथिनांना धरून ती साकळवतं, पृष्ठभाग आवळतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते, तसंच हिरडीच्या वरच्या थराचं होतं. तुरटीने त्यात भर घातली. हा उपयोग खरा आहे, नाकारायचं कारण नाही. नुसत्या सुजेत याने आराम पडतो, आणि टॅनिनमुळे दातावर जिवाणूंचा नवा मऊ थर बसायलाही थोडा अटकाव होतो.

पण 7 मिमीच्या खिशात, म्हणजे हिरडी आणि दातामधल्या खोल झालेल्या फटीत, चूळ शिरत नाही. खिशातून पाझरणारा द्रव सतत बाहेर वाहत असतो. 5 मिमीच्या खिशातला द्रव तासाला सुमारे 40 वेळा बदलतो असं मोजलं गेलं आहे. काठाशी पोचलेलं चार थेंब औषधही दोन मिनिटांत धुऊन बाहेर पडतं. आत मुळाला घट्ट धरून बसलेलं किटण असतं, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं. ते कुठल्याही काढ्यात विरघळत नाही. विरघळवायचं तर आम्ल हवं, आणि किटण विरघळवणारं आम्ल दातही विरघळवतं. लिंबू-मिठाने दात घासायचा सल्ला म्हणूनच घातक.

थोडक्यात, काढ्याने दरवाजा आवळला आणि घाण आत राहिली. अर्धवट स्केलिंगनंतर, म्हणजे किटण पुरतं न खरवडल्यास, अशी गळवं येतात हे दंतवैद्यांना चांगलं माहीत आहे: खिशाचं तोंड बरं होऊन आकसतं, पू बाहेर पडायची वाट बंद होते. इथे तेच काम काढ्याने केलं असावं, आणि वाढलेल्या साखरेने त्याला हात दिला.

दुसरा पडदा मशेरीचा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तंबाखू लावणाऱ्याच्या हिरड्यांतून आजाराच्या मानाने रक्त कमी येतं. वीस वर्षं हिरड्या बऱ्या आहेत असं ताईंना वाटत राहिलं, ते यामुळेच. मशेरीने दात घट्ट होतात हा समजही इथूनच येतो.

काळे दात, सोललेला गाल

टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळा रंग तयार होतो. जुनी शाई अशीच करत. लोखंडी कढईत हिरडा-बाभूळ उकळणं म्हणजे शाई करून तिने चूळ भरणं. स्टीलच्या पातेल्यात हा दोष येत नाही. टॅनिनचा स्वतःचा पिवळट-तपकिरी डाग तरीही थोडा पडतोच. चूळ झाल्यावर साध्या पाण्याने तोंड धुतलं तर कमी पडतो.

लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक युजेनॉल, बहुधा 70 टक्क्यांच्या वर. ते नसेला बधिर करतं आणि न पातळ करता ठेवलं तर कातडं जाळतं. रात्रभर बोळा म्हणजे रात्रभर भाजणं. ते दुखण्यावर आहे, हिरडीच्या आजारावर नाही. ताईंच्या योजनेतून ते पूर्ण काढलं. लसणाच्या पाकळीचाही असाच चट्टा पडतो.

चार दिवसांच्या बाटलीचं काय, ते उन्हाळ्यात कोणीही सांगेल. वनस्पतीचा पाण्यातला अर्क म्हणजे बुरशीला आणि जिवाणूंना आयतं जेवण. त्यात काही टिकवणारं नसतं. वास बदलण्याआधीच तो बिघडलेला असतो.

आधी किटण, मग काढा

हा क्रम नव्या शास्त्राने लादलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, बाविसाव्या अध्यायात, दंतशर्करेसाठी म्हणजे किटणासाठी स्पष्ट सांगितलं आहे की दाताच्या मुळाला इजा न करता शर्करा उपटून काढावी आणि त्यानंतर लाखेचं चूर्ण मधातून चोळावं. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या शीताद या रोगातही आधी दूषित रक्त काढायचं, मगच सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथ्याच्या काढ्याच्या गुळण्या. हत्यार आधी, वनस्पती मागून. परंपरेच्या नावाने काढा विकणारे नेमकी पहिली पायरी गाळतात.

पहिल्या दिवशी गळू खिशातूनच मोकळं करून सलाइनने धुतलं. ताप नव्हता, जबड्याखाली गाठी नव्हत्या. ताईंना त्याच आठवड्यात मधुमेहाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पुढच्या दोन आठवड्यांत वरचं किटण काढून, मग भूल देऊन एकेका बाजूची मुळं खरवडून घेतली. या काळात चूळ काढ्याची नव्हे, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची, 0.2 टक्क्याची: 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, टूथपेस्टनंतर अर्ध्या तासाने. हे औषध दातांना आणि कातडीला चिकटून कित्येक तास काम करतं, तशी धरून राहण्याची ताकद घरच्या काढ्यात नाही. हिरड्या हुळहुळ्या असतात आणि ब्रश नीट फिरत नाही, त्या दिवसांत तेच लागतं. पण जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात, चव जाते. दहाव्या दिवशी ताईंना वरणाची चव लागेना. मग बंद केलं.

स्केलिंगनंतर दोन तक्रारी ठरलेल्या: दात जास्त हलतात आणि फटी पडल्या. डॉक्टरांनीच दात सैल केले असं गावभर होतं. खरं असं की किटण शेजारच्या दातांना सिमेंटसारखं जखडून ठेवतं. ते गेल्यावर मूळचं हलणं उघडं पडतं. फटीतही किटणच होतं. ही गोष्ट खुर्चीवर बसवण्याआधी सांगायची असते. नंतर सांगितली तर ती सबब वाटते.

ताईंचा काढा, मापासकट

तिसऱ्या आठवड्यापासून वनस्पतींना जागा दिली. इथे एक भाषिक गंमत आडवी येते: हिरडीचं अनेकवचन आणि हिरड्याचं सामान्यरूप एकसारखं. "हिरड्यांचा काढा" असं लिहून दिलं तर माणूस गोंधळतो. कागदावर त्रिफळा लिहिलेलं बरं.

हिरडा, बेहडा (दोन्हींची बी काढून) आणि आवळकाठी समभाग. त्याची भरड 10 ग्रॅम, बाभळीच्या सालीची भरड 5 ग्रॅम. एकूण 15 ग्रॅमला 240 मिली पाणी, स्टीलच्या पातेल्यात रात्रभर भिजत. सकाळी मंद आचेवर, झाकण न ठेवता, 60 मिली उरेपर्यंत. दुहेरी मलमलीतून गाळून सकाळी 30, रात्री 30 मिली. एका वेळचे 30 मिली दोन घोटांत, प्रत्येक घोट एक मिनिट दातांमधून खुळखुळवायचा. रात्रीचा वाटा फ्रिजमध्ये. उरेल तो झाडाला. दुसऱ्या दिवशी नवा. गिळायचा नाही, त्रिफळ्याने पोट सुटतं.

भरडच हवी, चूर्ण नको. बाजारात मिळणारं बारीक चूर्ण मलमलीतून निसटतं आणि दातांच्या फटीत, खिशाच्या तोंडाशी साचतं. पोटात घ्यायच्या त्रिफळा चूर्णाचा डबा घरी आहे म्हणून तोच वापरला, ही चूक सर्रास होते. आणखी एक: आवळ्यामुळे काढा आंबट असतो. चूळ भरून लगेच ब्रश केला तर मऊ पडलेलं दंतवल्क घासलं जातं. म्हणून आधी ब्रश, मग चूळ, मग साधं पाणी.

सामान काष्ठौषधीच्या दुकानातून, अखंड फळं पाहून घ्यायचं. हिरडा, बेहडा, आवळा अखंड असले की ओळखता येतात. कुटलेल्या सालीत काय आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही. बाभळीची साल स्वतःच्या बांधावरची असेल तर उत्तम.

त्रिफळ्याच्या 6 टक्के चुळीवर आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांत चाचण्या झाल्या आहेत. मऊ थर आणि हिरडीची सूज थोड्या आठवड्यांत कमी होते, काही चाचण्यांत क्लोरहेक्सिडीनच्या जवळपास. पण अशा चाचण्या लहान आणि थोड्या दिवसांच्या असतात, आणि बहुतेक सुजेवरच्या. हाड झिजलेल्या रुग्णाला नुसता काढा पुरतो असं त्यांतून निघत नाही.

हळदीचा प्रश्न ताईंनीच काढला. हळदीतलं कर्क्युमिन सूज उतरवतं, पण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हळदीच्या पाण्याची चूळ म्हणजे रंगीत पाणी. खिशात भरायचं कर्क्युमिनचं जेल वेगळं, ते दंतवैद्याने मुळं साफ केल्यावर भरायचं असतं. घरी करायचंच तर पाव चमचा हळद तिळाच्या तेलात कालवून बोटाने दोन मिनिटं हलकेच चोळावी. मिठाने खरखरीत करू नये. दातात पांढरं सिमेंट भरलेलं असेल तर ते पिवळं होतं.

देवळा-सटाणा-मालेगाव पट्टा डाळिंबाचा, त्यामुळे साल सुकवून काढ्यात घालायचा मोह होतो. सालीत टॅनिन भरपूर आहे, यात शंका नाही. पण फवारणी झालेल्या बागेच्या फळाची साल उकळून तोंडात धरणं शहाणपणाचं नाही. परसातल्या बिनफवारणीच्या झाडाची असेल तरच. द्राक्षाच्या बियांचंही तसंच: वायनरीच्या चोथ्यातून त्या ढिगाने निघतात, त्यांतले घटक प्रयोगशाळेत जिवाणूंना रोखतात, पण ते घटक बी कुटून पाण्यात पुरेसे उतरत नाहीत. पाणी-अल्कोहोलने काढून वाळवलेला अर्क ही कारखान्याची गोष्ट.

कडुनिंबाची काडी चालेल, करंगळीएवढी जाड, टोक चावून मऊ कुंचला झाल्यावरच. पण ती दाढांच्या मधे पोचत नाही. खिसे असलेल्या तोंडात तिथेच काम असतं. म्हणून मऊ ब्रश हिरडीच्या रेषेला तिरका धरून आणि फटींसाठी 0.7 मिमीचा इंटरडेंटल ब्रश, रोज रात्री. या प्रकरणात एकच गोष्ट ठेवायची ठरली असती, तर काढा सोडून हा ब्रश ठेवावा लागला असता.

चौथ्या आठवड्यातली गडबड

मशेरी तिसऱ्या आठवड्यात सोडली. भाजताना येणारा वास आणि सकाळची सवय हे दोन अडसर मोठे होते. पहाटे चहाआधी बोटाला काहीतरी हवं, म्हणून बडीशेप आणि ओवा भाजून दिला: चघळायला, घासायला नव्हे. 1800-11-2356 हा तंबाखूमुक्तीचा मोफत क्रमांक मुलाच्या फोनमध्ये घातला. मशेरीऐवजी लाल दंतमंजन घेऊ नका, हेही सांगितलं. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण गेरूची भुकटी दाताचं मूळ घासून काढते आणि ताईंची मुळं आता उघडी होती.

चौथ्या आठवड्यात ब्रश करताना रक्त दिसायला लागलं. ताई घाबरल्या, काढा बंद केला आणि दोन दिवस मशेरी पुन्हा लावली. हे अपेक्षित होतं, पण आधी पुरेसं ठासून सांगितलं गेलं नव्हतं. ती चूक उपचार करणाऱ्यांची. निकोटिनचा आवळ सुटला की हिरडीचं रक्ताभिसरण पूर्ववत होतं आणि उरलेली सूज पहिल्यांदा खरी दिसते. सहाव्या आठवड्यात मोजलं तर रक्त 52 जागी होतं, म्हणजे पहिल्या दिवसाच्या निम्म्याच्या आसपास. आरशात रक्त वाढलेलं, प्रोबवर कमी झालेलं. आकडे दाखवल्यावर ताईंचा विश्वास बसला. ओठाआतला चट्टा तोवर विरला होता, तुकडा घ्यावा लागला नाही.

बारावा आठवडा श्रावणात आला. रक्त 28 जागी, 18 टक्के. 5 मिमी किंवा जास्त खोलीच्या जागा 31 वरून 9. गळू आलेली दाढ 7 वरून 5 वर. पुढचे दात थोडे घट्ट. एचबीए1सी 7.4. हिरड्यांच्या उपचाराने तो सरासरी 0.4 टक्क्यांच्या आसपास उतरतो, पण मधल्या काळात ताईंच्या गोळ्या बदलल्या आणि त्या वेळेवर घेतल्या गेल्या, त्यामुळे इथलं श्रेय हिरड्यांना देता येत नाही. तसंच काढ्याचं. मुळं साफ झाली, फटीत ब्रश गेला, मशेरी सुटली, साखर उतरली. त्यात काढ्याचा वाटा किती हे एका रुग्णावरून सुटत नाही. क्लोरहेक्सिडीन बंद झाल्यानंतर दातांवरचा मऊ थर पुन्हा वाढला नाही आणि चव परत आली, एवढं नोंदवण्यासारखं.

उरलेल्या नऊ जागांपैकी सहा मागच्या दाढांच्या मधे आहेत. त्या पुन्हा खरवडल्या. पुढच्या मोजणीलाही त्या 6 मिमीकडे सरकल्या तर हिरडी उघडून साफ करायची शस्त्रक्रिया. उपासाचा साबुदाणा आणि भगर फटींत चिकटून बसते, म्हणून श्रावणभर दुपारीही एकदा ब्रश.

भेट दर तीन महिन्यांनी. नोव्हेंबरची सोपी आहे, फेब्रुवारीची ऐन हंगामात पडते. ती पॅकहाउसच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आधीच लिहून ठेवली. हंगामात रोज काढा उकळायला वेळ नसेल तर काढा सोडायचा, फटीतला ब्रश सोडायचा नाही. तो डब्याच्या पिशवीत, चमच्याशेजारी.